कायदा कशाला म्हणायचे?

मूलभूत हक्कांशी विसंगत असलेला कायदा त्या विसंगतीपुरता रद्दबातल ठरतो, असे राज्यघटनेचा तेरावा अनुच्छेद सांगतो. कायद्यात काय काय येते, हेही तिथेच दिले आहे. अध्यादेश, आदेश, उपविधी, नियम, अधिसूचना आणि कायद्याचे बळ असलेली रूढी किंवा परिपाठसुद्धा. म्हणजे नगरपालिकेचा एखादा उपविधी समतेच्या कसोटीवर घासून पाहता येतो. लग्न, तलाक, वारसा यांचे धर्मशास्त्रातून आलेले नियम, म्हणजे व्यक्तिगत कायदे, तसे पाहता येतात का, याचा मात्र अजून सोक्षमोक्ष लागलेला नाही.

या गुंत्याची सुरुवात मुंबईत झाली. १९४६च्या प्रांतिक कायद्याने हिंदूंच्या द्विभार्या विवाहाला बंदी घातली. बंदी फक्त हिंदूंनाच का, असा आक्षेप नरसू अप्पा माळी खटल्यात घेतला गेला. १९५१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती छागला आणि न्या. गजेंद्रगडकर यांनी तो फेटाळून बंदी कायम ठेवली, हे उत्तमच झाले. पण त्याच निकालात त्यांनी असेही ठरवले की व्यक्तिगत कायदा हा तेराव्या अनुच्छेदातला ‘कायदा’ नव्हे.

त्यामागचे तर्क आज वाचताना पटत नाहीत. अनुच्छेदातल्या यादीत व्यक्तिगत कायद्याचे नाव नाही, हे खरे. पण कायद्यात या गोष्टींचा ‘समावेश होतो’ एवढेच तिथे म्हटले आहे, यादी तिथेच संपते असे नाही. दुसरा तर्क असा की व्यक्तिगत कायदा आपोआप रद्द होणार असता, तर अस्पृश्यता सतराव्या अनुच्छेदाने वेगळी नष्ट करावी लागली नसती. पण सतरावा अनुच्छेद सरकारइतकाच घरमालकाला, दुकानदाराला, शेजाऱ्यालाही बांधतो. तो हवाच होता. शिवाय, एखादी प्रथा ‘रूढी’ म्हणून कोर्टात आली तर तपासायची आणि ‘शास्त्र’ म्हणून आली तर हात लावायचा नाही, हा कुठला न्याय?

याची झळ कोणा एकाच धर्माला बसली असे नाही. वाराणसीच्या एका मठाच्या वादात शूद्राला संन्यास घेता येतो का, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला. जुनी बंदी मूलभूत हक्कांमुळे संपली, असे उच्च न्यायालयाने म्हटले होते. मूलभूत हक्क व्यक्तिगत कायद्याला स्पर्श करत नाहीत, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये तो विचार नाकारला. संन्यास वैध ठरला तो त्या पंथाच्या परिपाठामुळे. शूद्र मानल्या गेलेल्या माणसाला स्वतंत्र भारतात समतेचा हक्क उपयोगी पडला नाही, पंथाची वहिवाट पडली. याची चीड यायला हवी.

शायरा बानो यांना नवऱ्याने टपालाने तलाकनामा धाडला होता. त्यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयात २०१७ मध्ये तीन विरुद्ध दोन न्यायमूर्ती अशा बहुमताने तिहेरी तलाक रद्द झाला. त्या तिघांपैकी न्या. नरिमन आणि न्या. लळित यांनी आधार घेतला तो १९३७च्या शरीअत कायद्याचा. तो विधिमंडळाने केलेला, म्हणून तेराव्या अनुच्छेदाखाली तपासता येणारा. नरसू निकालाला हात लावण्याची गरजच उरली नाही. ब्रिटिश अमदानीत तो कायदा झालाच नसता, तर?

शबरीमला मंदिराच्या प्रकरणात २०१८ मध्ये न्या. चंद्रचूड यांनी नरसू निकालाचा तर्क सदोष असल्याचे स्पष्ट लिहिले, पण ते एका न्यायमूर्तीचे मत होते. सर्वोच्च न्यायालयाच्या मोठ्या घटनापीठाने आता नरसू निकालच थेट विचारात घ्यावा आणि तो उलटवावा. व्यक्तिगत कायदा तपासायचा म्हणजे तो सरसकट मोडीत काढायचा, असा त्याचा अर्थ नाही. जो नियम समतेच्या कसोटीला उतरेल तो राहील. पण त्या नियमाखाली जिचे घर मोडते किंवा जिचा वाटा जातो, तिला निदान तो ‘कायदा’ आहे एवढे तरी कोर्टात म्हणता आले पाहिजे.