मॉनिटर घेताना पॅनल विचारा

मुलांच्या अभ्यासासाठी किंवा घरच्या कामासाठी नवा मॉनिटर घ्यायला गेलो की दुकानदार आधी इंच सांगतो, मग किंमत. आत पॅनल कोणते आहे, हे आपण विचारतच नाही. खरा फरक मात्र तिथेच असतो.

आधी एक गैरसमज दूर करू. खोक्यावर 'एलईडी' लिहिलेला मॉनिटर बहुधा एलसीडीच असतो. एलईडी हा फक्त त्याच्या मागचा दिवा. एलसीडीचे मुख्य प्रकार तीन: टीएन, व्हीए आणि आयपीएस.

टीएन स्वस्त आणि वेगवान, पण बाजूने किंवा खालून पाहिले की रंग बदलतात. व्हीएमध्ये काळा रंग गडद दिसतो. पांढऱ्या-काळ्याचे प्रमाण साधारण 3000 ला 1 असते. मात्र वेगाने हलणाऱ्या गडद चित्रामागे सावली रेंगाळते. आयपीएसमध्ये हे प्रमाण 1000 ला 1 च्या आसपास, म्हणून अंधारात काळा रंग राखाडी वाटतो. पण बाजूला बसणाऱ्यालाही रंग जवळपास तसेच दिसतात.

चौथा प्रकार ओएलईडी. त्यात मागे दिवाच नसतो. प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि विझला की पूर्ण काळा होतो. चित्र देखणे, पण किंमत भारी. शिवाय टास्कबारसारखी गोष्ट रोज तासन्‌तास एकाच जागी राहिली तर तिचा कायमचा डाग उमटण्याचा धोका असतो. काही ओएलईडींत बारीक अक्षरांच्या कडांना रंगीत झाकही दिसते.

आता आपले घर पाहू. एकाच पडद्यावर मुलीचा अभ्यास, अब्बांचा हिशेब, अम्मीची तिलावत. काम बहुतेक वाचनाचे आणि पाहणारे एकाहून अधिक. म्हणून आमचे मत आयपीएसला.

वाचनासाठी ठिपक्यांची दाटीही पाहावी. 1920 गुणिले 1080 ठिपके 24 इंची पडद्यावर इंचाला सुमारे 92 पडतात. 27 इंचीवर 82 च. उर्दूचे नुक्ते, कुरआनातील जेर-जबर, मराठीतले रफार अशा वेळी धूसर होतात. 27 इंचच हवा असेल तर 2560 गुणिले 1440 चा घ्यावा.

दुकानात रंगीबेरंगी व्हिडिओवर भाळू नका. मोबाइल जोडून कुरआनाचे एखादे पान उघडायला सांगा आणि ते समोरून, बाजूने, उभे राहून वाचून पाहा. 'फ्लिकर-फ्री' आहे का, स्टँड वर-खाली होतो का, मृत ठिपका निघाला तर बदलून मिळेल का, हेही विचारा. शेवटचे उत्तर लेखी घ्या.

गेमिंगसाठीच्या वेगाचे पैसे वाचनासाठी मोजणे हा इस्राफच. पण चार पैसे वाचवायला अंधूक अक्षरे घरी आणली, तर त्याची किंमत रोज मुलांचे डोळे थकून मोजतील.