दारांतली गाडी

गेल्या श्रावणांत एके रात्रीं आमच्या सहधर्मचारिणीच्या छातींत कळ आली. चिरंजीव परगांवीं होते. गाडी दारांत उभी होती आणि सूनबाईंजवळ परवानाहि होता. परंतु त्या माहेरीं स्वयंचलित गिअरच्या गाडीवर शिकलेल्या. आमची गाडी हातानें गिअर बदलावयाची. फाटकापर्यंत जातांना इंजिन तीन वेळां बंद पडलें. अखेर शेजारच्या गृहस्थांनीं गाडी मोसमच्या पुलापलीकडे इस्पितळांत नेली. दुखणें निभावलें, सूनबाईंचा उतरलेला चेहरा मात्र आम्ही विसरलों नाहीं.

दोष त्यांचा नव्हता. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यांत दुचाकीचे गिअरची आणि बिनगिअरची असे दोन वर्ग आहेत. मोटारीस मात्र ‘हलकें मोटार वाहन’ हा एकच वर्ग. इंग्लंडांत स्वयंचलित गाडीवर परीक्षा देणारास हातगिअरची गाडी चालवितां येत नाहीं. आपल्याकडे कायदा आडवा येत नाहीं. आडवी येते ती हातापायांची संवय. लग्नानंतर सूनबाईंनीं “या गाडीवर हात बसवूं का?” म्हणून विचारलें होतें. “घाई काय आहे?” हें उत्तर आमचेंच होतें.

हातगिअरच्या गाडींत डाव्या पायानें क्लच दाबून इंजिन क्षणभर चाकांपासून तोडावें लागतें आणि मग गिअर बदलावा लागतो. स्वयंचलित गाडींत हें काम यंत्र करितें. ही युक्ति अमेरिकेंत ओल्ड्समोबिलच्या १९४० सालच्या गाड्यांतहि होती. आपल्याकडे २०१४ सालीं मारुतीची सेलेरियो आली, तेव्हांपासून ती मध्यमवर्गाच्या आवांक्यांत आली. मालेगांवच्या गर्दींत, रिक्षा आणि हातगाड्या चुकवितांना, डाव्या पायास विश्रांति आणि डोळ्यांस मोकळीक मिळते, हा लाभ लहान नव्हे. त्यास “बायकांची गाडी” म्हणून हिणविणें शुद्ध अडाणीपणा होय.

तरीहि शक्य असल्यास आरंभ हातगिअरवर करावा, असें आमचें मत आहे. शब्दरूपें घोकलेला विद्यार्थी नव्या श्लोकापुढें अडत नाहीं. तयार भाषांतरावर उत्तीर्ण झालेला अडतो. घाट उतरतांना खालचा गिअर गाडीस आवरतो आणि ब्रेक तापत नाहींत. हें हातानें शिकलेला माणूस स्वयंचलित गाडींतहि विसरत नाहीं. मात्र क्लचच्या भीतीनें कोणी शिकणेंच सोडीत असेल, तर त्यानें खुशाल स्वयंचलित गाडीवर शिकावें. नियम एकच : ज्या गाडीची किल्ली घरांत खुंटीला टांगलेली आहे, ती घरांतील प्रत्येक परवानाधारकास चालवितां आली पाहिजे.

हल्लीं रोज पहांटे सूनबाई आमची जुनी गाडी बाहेर काढतात आणि आम्ही शेजारीं बसतों. गेल्या रविवारीं चांदवडच्या वाटेवरील राहुड घाट त्यांनीं चढून उतरून दाखविला. इंजिन एकदांहि बंद पडलें नाहीं. आमचा हात तेवढा सारा वेळ दाराच्या मुठीवर होता.