जनगणनेचा अधिकारी कोणाला उत्तरदायी?

जनगणना आयुक्ताच्या हाताखाली लक्षावधी प्रगणक राबतात; परंतु त्या अवाढव्य खात्याचा कस दिल्लीच्या कचेरीत नव्हे, तुमच्या उंबरठ्यावर लागतो. आजच्या महाराष्ट्राच्या प्रदेशात १९५१ साली अवघे अडीच हजार बौद्ध नोंदले गेले. १९५६ च्या धर्मांतरानंतर, १९६१ साली, सुमारे २८ लाख! हा आकडा आयुक्ताने घडविला नाही. लोकांनी निर्भयपणे सांगितला. जाणूनबुजून खोटी नोंद करणारा प्रगणक १९४८ च्या जनगणना कायद्याने दंडास पात्र आहे. मग हा वचक शेवटच्या खेड्यापर्यंत पोचविणे हे आयुक्ताचे आद्य कर्तव्य नव्हे काय? ते त्याने बजावावेच. तुम्ही मात्र २०२७ च्या जनगणनेत आपला धर्म स्वमुखाने सांगा, लिहिलेले वाचून घ्या. मौन हे दुसऱ्याच्या हाती दिलेली लेखणी होय!