भाकरी, मोबाइल आणि ‘किटो’

फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘मन की बात’मधून पंतप्रधानांनी लठ्ठपणा आटोक्यात आणण्यासाठी खाद्यतेलाचा वापर दहा टक्क्यांनी कमी करण्याचे आवाहन केले. वजन घटविण्याच्या मोबाइल अ‍ॅपमध्ये ‘किटो’ हा पर्याय निवडणाऱ्यास मात्र नेमका उलटा सल्ला मिळतो : भाकरी सोडा, तूप वाढवा. या परस्परविरोधी सल्ल्यांमुळे सामान्य माणूस गोंधळून गेला तर नवल नाही. प्रश्न केवळ आहाराचा नाही. तो सल्ला कोण देतो आणि त्याच्या परिणामांवर लक्ष कोण ठेवतो, याचाही आहे.

किटोजेनिक आहार ही नवी फॅशन नव्हे. अपस्माराच्या रुग्णांसाठी अमेरिकेत १९२१ मध्ये त्याचा वापर सुचविला गेला. दिवसभरातील कर्बोदके साधारणतः ५० ग्रॅमच्या खाली आणली की शरीर इंधनासाठी चरबीकडे वळते आणि यकृतात ‘कीटोन’ तयार होऊ लागतात. भूक मंदावते, सुरुवातीचे वजन झपाट्याने उतरते. पण त्यात मोठा वाटा शरीरातून निघून जाणाऱ्या पाण्याचा असतो. स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०१८ मध्ये ६०९ प्रौढांवर केलेल्या अभ्यासात, कमी कर्बोदकांचा आणि कमी स्निग्धांशाचा असे दोन्ही आहार घेणाऱ्यांच्या वजनात वर्षअखेर लक्षणीय फरक आढळला नाही. म्हणजे कोणता आहार निवडला, यापेक्षा तो किती काळ निभावला हे महत्त्वाचे.

नेमकी हीच अडचण डिजिटल साधनांनी काही प्रमाणात दूर केल्याचे अमेरिकेतील इंडियाना राज्यातील एका प्रयोगावरून दिसते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात टाइप-२ मधुमेहाच्या २६२ रुग्णांना किटो आहार देण्यात आला. वजन, साखर आणि कीटोन यांच्या नोंदी रुग्ण मोबाइलवरून पाठवीत आणि पलीकडे डॉक्टर व आहार मार्गदर्शक त्या पाहून औषधे बदलीत. वर्षानंतरही ८३ टक्के रुग्ण टिकून होते आणि सरासरी वजन सुमारे १२ टक्क्यांनी घटले होते. हा अभ्यास सेवा देणाऱ्या कंपनीच्याच पुढाकाराने झाला आणि रुग्णांची विभागणी चिठ्ठ्या टाकून झालेली नव्हती, हे ध्यानात ठेवावे लागेल. तरीही त्यातील धडा स्पष्ट आहे. यश एकट्या अ‍ॅपचे नव्हते. त्यामागे औषधाची मात्रा त्याच दिवशी बदलू शकणारा डॉक्टर होता.

आता हे साधन जालना जिल्ह्यातील परतूर तालुक्यातल्या आष्टीसारख्या गावी कसे पोहोचते ते पाहू. पुण्यात नोकरी करणारा मुलगा गावाकडील वडिलांच्या फोनवर अ‍ॅप उतरवून देतो, ही आता दुर्मिळ गोष्ट नाही. अ‍ॅप पोहोचते, त्यामागचा डॉक्टर पोहोचत नाही. शिवाय मराठवाड्याच्या ताटाचा आधार ज्वारी आहे. १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे ६८ ग्रॅम कर्बोदके असतात. साठ ग्रॅम पिठाची एक भाकरी खाल्ली की ४० ग्रॅमचा हिशेब तिथेच संपतो. वरण, पिठले, फळे यांना मग जागा उरत नाही. माळकरी घरात अंडी-मांस वर्ज्य. पनीर आणि बदाम रोज परवडत नाहीत. उपवासाची साबुदाण्याची खिचडी तर जवळजवळ निव्वळ स्टार्च. आणखी एक गोष्ट. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २०१९-२१ मध्ये देशाच्या ग्रामीण भागात कधी ना कधी इंटरनेट वापरलेल्या महिला २४.६ टक्के होत्या, तर पुरुष ४८.७ टक्के. ज्या हाताने भाकरी थापली जाते, त्या हातात बहुधा अ‍ॅप नसते.

खरा धोका मात्र औषधांचा आहे. मधुमेही माणसाने कर्बोदके एकाएकी तोडली आणि इन्सुलिन वा ग्लिमेपिराइडची मात्रा तीच ठेवली, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या औषधांबाबत सावधगिरी अधिकच हवी. यांपैकी दुसऱ्या औषधाचे पेटंट मार्च २०२५ मध्ये संपल्यावर त्याचे स्वस्त पर्याय बाजारात आले. गरिबांच्या दृष्टीने ही स्वागतार्ह बाब आहे. परंतु ही औषधे आणि किटो आहार एकत्र आल्यास रक्त आम्लधर्मी होण्याचा जीवघेणा विकार उद्भवू शकतो आणि त्या वेळी साखर जवळपास सामान्य असू शकते. घरातील ग्लुकोमीटर तेव्हा फसवा दिलासा देतो. मळमळ, उलट्या, पोटदुखी, धाप ही लक्षणे ‘किटो सुरू केल्यावर असे होतेच’ म्हणून अंगावर काढली जातात. मूत्रपिंडाचे रुग्ण, गरोदर स्त्रिया आणि टाइप-१ मधुमेही यांनी तर हा प्रयोग स्वतःच्या मनाने करूच नये.

महाराष्ट्राला या संदर्भात स्वतःचा अनुभव आहे. दिवंगत डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांवर आधारलेली दोनदाच जेवण्याची पद्धत डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी लोकप्रिय केली. ती किटो नव्हे; भाकरी तीत वर्ज्य नाही. आहारतज्ज्ञांमध्ये तिच्याविषयी मतभेदही आहेत. पण तिचा प्रसार व्याख्याने आणि व्हॉट्सअ‍ॅप गटांतून, मराठीत झाला आणि गटात येण्यापूर्वी रक्ततपासणीचा आग्रह धरला गेला. लोकांना समजेल अशी भाषा, हाताशी असलेले साधन आणि मोजमापाची शिस्त या तीन गोष्टींनी ती घराघरांत पोहोचली, हे मान्य करावे लागेल.

अशा साधनांना सार्वजनिक आरोग्यसेवेची जोड देणे अशक्य नाही. दूरवैद्यक सल्ल्याची मार्गदर्शक तत्त्वे मार्च २०२० पासून अस्तित्वात आहेत. ‘ई-संजीवनी’ ही मोफत सरकारी सेवा आहे. २०२४ मध्ये जालन्यात सरकारी वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले. आहाराचे अ‍ॅप मराठीत असावे, त्यात ‘रोटी’ऐवजी भाकरीचे माप असावे, आणि पहिला प्रश्न वजनाचा नव्हे तर ‘कोणती गोळी चालू आहे?’ असा असावा. उत्तर धोक्याचे असेल, तर अ‍ॅपने आहारतक्ता न देता डॉक्टरांकडे पाठवावे.

तोवर गावाकडील आई-वडिलांच्या फोनवर अ‍ॅप उतरवून देणाऱ्या मुलांनी एवढे तरी करावे : आधी औषधांच्या चिठ्ठीचा फोटो मागवावा आणि तो डॉक्टरांना दाखवावा. भाकरी सोडायची की अर्धी करायची, याचा निर्णय त्यानंतरचा आहे.