चुलीला नकाशा कशाला?



30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे धरणी हलली, पण लातूर आणि आपल्या जिल्ह्यात माणसे मारली ती घरांनी. मातीत रचलेल्या दगडी भिंती, वर माळवदाची हातभर माती. झोपलेली माणसे त्याखाली गाडली गेली.

मग पुनर्वसनाची घरे आली, तीही सातबारा बघून. भूमिहीनाला आणि एक हेक्टरपर्यंतवाल्याला 250 चौरस फूट, त्यावर सात हेक्टरपर्यंत 450, त्याहून मोठ्याला 750. ज्याची जमीन कमी त्याच्या घरची माणसे अंगानेही लहान असतात, असा हिशेब असावा! एवढ्याशा घरात पऱ्हाट्या-तुराट्या पेटवल्या की धूर कोंडतो. म्हणून चूल अंगणात आली आणि तिच्यावर चार खांब, दोन पत्रे. आम्ही शेतकी कॉलेजात शिकलो, तिथे चुलीचा धडा नव्हता. पण गॅस आला तरी ज्वारीची भाकरी चुलीवरच होते, हे घरोघर बघतो.

आता हे छपरसुद्धा 'बांधकाम'. 1958 च्या ग्रामपंचायत कायद्याच्या 52 व्या कलमाप्रमाणे गावात बांधकामाआधी पंचायतीची परवानगी लागते. 2021 साली सरकारने सवलत जाहीर केली: 1600 चौरस फुटांपर्यंतच्या भूखंडावर परवानगी नको, मालकीचा कागद, नकाशा, परवानाधारक इंजिनिअरचा दाखला आणि विकास शुल्क पंचायतीत द्या आणि बांधा. परवानगी गेली, कागद राहिले. घर वडिलांच्या नावावर, भाऊ तीन. मालकीचा कागद कुणी आणायचा? आणि इंजिनिअरची फी पत्र्यांपेक्षा जास्त झाली तर?

नियमच नकोत असे आम्ही म्हणत नाही. 1993 पाहिलेला माणूस तसे म्हणणार नाही. पण उद्या कुणी चुलीभोवती पुन्हा मातीतली दगडी भिंत रचली, तर ती बघायला कोण येतो? घरपट्टीच्या नमुना 8 मध्ये वाढीव बांधकाम चढवायला मात्र माणूस वेळेवर येतो.

आमची मागणी साधी आहे. भिंती नसलेल्या, हलक्या पत्र्याच्या चुलीच्या छपराला पंचायतीकडे साध्या कागदावर कळवणे पुरे व्हावे. नकाशा नको, शुल्क नको. दगड-मातीची भिंत घालायची असेल तर जरूर तपासा. येत्या ग्रामसभेत हा ठराव मांडा. मायबहिणींनी पुढे बसावे. चूल त्यांची आहे. ठरावाची नक्कल पोच घेऊन पंचायत समितीत द्या आणि एक प्रत जिल्हा बैठकीला घेऊन या.