चैत्रगौरीची आरास

चैत्र शुद्ध तृतीयेस गौर झोपाळ्यावर बसते आणि अक्षय्य तृतीयेपर्यंत महिनाभर तिचा माहेरी मुक्काम असतो. माहेरवाशिणीस हवे असते तरी काय? आंब्याची डाळ, कैरीचे पन्हे, भिजवलेले हरभरे आणि चार मायेची माणसे. परंतु अलीकडे तिच्या आराशीत बाजारच्या झगमगाटाची चढाओढ शिरली आहे. ऐपत नाही म्हणून एखादी गृहिणी हळदीकुंकूच टाळू लागली, तर तो सणाचाच पराभव होय, असे आम्हांस वाटते.

वास्तविक ही आरास मुलांच्या हातची असावी. रिकाम्या खोक्यांच्या पायऱ्या रचून त्यांवर आईचे जुने लुगडे अंथरावे. परातीत माती पसरून अळीव पेरावे. चार-पाच दिवसांत हिरवळ डोलू लागते. तिला पाणी शिंपडण्याचे काम धाकट्याकडे सोपवावे. चैत्रांगणातील शंख, कमळ, कासव, गोपद्मे आजीने एकेक करून नातीस शिकवावीत. रेषा वाकडी आली तरी पुसू नये.

यात चार पैसे वाचतात, हा लाभ लहानच. आपल्या घरच्या गौरीसाठी आपण काही केले, ही बालमनातील धन्यता मात्र जन्मभर पुरते.