साठ मिनिटे आणि बारा तास

इम्फाळ आणि शिलाँग या दोन राजधान्यांच्या विमानतळांमधील हवाई अंतर सुमारे २२० किलोमीटर आहे. जुलै २०२१ मध्ये ‘उडान’ योजनेखाली त्यांच्यात थेट विमानसेवा सुरू झाली, तेव्हा सरकारी पत्रकात इम्फाळहून जाताना ६० आणि परतताना ७५ मिनिटे लागतील असे नमूद होते. तोवर रस्त्याने बारा तास, किंवा विमानाने गुवाहाटी आणि तेथून मोटारीने डोंगर चढून शिलाँग, एवढेच मार्ग होते. ईशान्य परिषदेचे मुख्यालय शिलाँगला. पण मणिपूरच्या अधिकाऱ्याला तेथे पोहोचण्यासाठी आसामला वळसा घालावा लागे.

वेळापत्रकातील मिनिटे विमान जागेवरून हलल्यापासून थांबेपर्यंतची असतात. प्रवाशाचे घड्याळ घरापासून सुरू होते. उमरोईचा विमानतळ शिलाँगपासून सुमारे ३० किलोमीटर दूर. सगळे धरून चार-पाच तास जातात. तेही सुसह्यच म्हणायचे. पण ही सेवा आरंभी आठवड्यातून चारच दिवस होती. उरलेल्या तीन दिवशी शिलाँग पुन्हा बारा तासांवर जाई.

प्रशासनात ‘सुरू झाले’ या शेऱ्याला फार मान असतो. ‘सुरू राहिले’ असा रकानाच सहसा नसतो. ‘कॅग’ने २०२३ च्या अहवालात तो भरून दाखवला. ‘उडान’च्या पहिल्या तीन फेऱ्यांत दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ मार्गांवर विमान उडालेच नाही. सुरू झालेल्या ३७१ पैकी ११२ मार्गांनी सवलतीची तीन वर्षे पुरी केली आणि त्यानंतरही मार्च २०२३ पर्यंत टिकून होते ते केवळ ५४.

हा अनुभव नवा नाही. ईशान्येची निकड ओळखूनच १९८१ मध्ये ‘वायुदूत’ स्थापन झाली. तोट्याच्या भाराखाली १९९३ मध्ये ती इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाली. पुढच्याच वर्षीच्या नियमांनी कंपन्यांवर बंधन घातले : मुख्य मार्गांवरील क्षमतेच्या किमान दहा टक्के ईशान्य, जम्मू-काश्मीर, अंदमान-निकोबार आणि लक्षद्वीपकडे, आणि त्या दहा टक्क्यांच्या दहा टक्के या प्रदेशांच्या आत. म्हणजे शंभरातील एक. ईशान्येला दिल्ली-कोलकात्याशी जोडणे हे राष्ट्रीय कर्तव्य, तिला तिच्याशीच जोडणे मात्र जणू उपचार!

मे २०२३ मधील मणिपूरच्या हिंसाचाराने तर अंतराचा अर्थच पालटला. चुराचांदपूरहून इम्फाळचा विमानतळ सुमारे ६० किलोमीटर. पण कुकी-झो समाजाच्या लोकांना ती वाट बंद झाली आणि ते डोंगरी रस्त्याने मिझोराममधील ऐझॉलचे विमान गाठू लागले. मैतेईंना दिमापूरकडे जाणारा महामार्ग दुरावला, त्यांची सारी भिस्त इम्फाळच्या विमानांवर आली. एकच धावपट्टी एका समाजाची जीवनरेखा झाली, दुसऱ्याच्या हाती ती लागेना. नागरी विमान वाहतूक खाते यावर एकट्याने उपाय करू शकत नाही, हे मान्य. परंतु अनुदानाची तीन वर्षांची मुदत त्याच्याच अखत्यारीतली आहे. पर्यटनस्थळाला जाणारा मार्ग आणि रेल्वेही नसलेल्या शिलाँगचा मार्ग यांना एकच मुदत लावणे अन्यायाचे आहे. जेथे पर्यायी वाट नाही, तेथे ती तयार होईपर्यंत अनुदान चालू राहावे, मात्र प्रत्येक मार्गाचा मासिक ताळेबंद प्रसिद्ध करण्याच्या अटीवर. त्यात उड्डाणाच्या मिनिटांआधी रद्द झालेल्या फेऱ्यांची संख्या यावी.